जहाजाची दहावी खीळ

परवा नातीने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. दहा-बारा मजली जहाज भर समुद्रात चाललंय आणि त्याच्या गच्चीवर चक्क रूळ टाकून पाळण्याची गाडी गरगरा फिरतेय. माणसं समुद्राच्या वर लोंबकळत किंचाळताहेत. नात म्हणाली, "आजोबा, तुमचंपण जहाज होतं ना? आई सांगत होती."

होतं. धुळ्याचं होतं, जळगाव जिल्हाभर फिरलं आणि समुद्र त्याने जन्मात पाहिला नाही. या लोकांनी जहाजावर पाळणे नेले, आम्ही पाळण्यालाच जहाज केलं होतं. एवढं ऐकून ती खूश झाली आणि तिने पुढचा प्रश्न विचारला, "त्यातून कधी कोणी पडलं का हो?"

मी पटकन म्हणालो, "छे! कोणी नाही."

ती गेली खेळायला. मी तसाच बसून राहिलो. साठी उलटून कितीतरी वर्षं झाली, पण या एका प्रश्नाला तोंडातून आपोआप खोटं निघतं, जिभेला त्याचं वळणच पडलंय. तुमच्या अंकाच्या संपादकांनी "यात्रेतल्या गमतीजमती लिहा" म्हणून दोनदा निरोप धाडला होता. गमतीजमती लिहितो, पण त्यांच्यासाठी मी लिहायला बसलेलो नाही हे आधीच सांगून टाकतो.

आधी जहाज म्हणजे काय ते सांगतो, कारण आता तसली जहाजं भंगारात गेली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या शेठनी सुरतेच्या एका प्रदर्शनात झुलणारं जहाज पाहिलं आणि परत आल्यावर धुळ्याच्या वर्कशॉपात पत्र्यावर खडूने काढून दाखवलं. मी तिथे फिटर. चार महिन्यांत आम्ही ते उभं केलं. दोन्ही बाजूंना लोखंडी पाय, वर जाड आस, आसाला टांगलेली होडी. होडीच्या पोटाखाली ट्रकचं एक टायर, ते डिझेल इंजिनावर फिरायचं. दांडा ओढला की टायर उचलून होडीच्या पोटाला घासायचं आणि होडीला ढकलायचं. होडी परत आली की पुन्हा घास, पुन्हा ढकल. लहान मुलाला पाळण्यात झोका देतात तसंच, फक्त आईच्या हाताऐवजी टायर. थांबवायलाही तेच टायर. सगळी कला दांड्यात. जरा उशिरा ओढला तर होडीला झटका बसतो, लवकर ओढला तर टायर जळतं.

होडीत दहा बाकं, पाच या तोंडाची, पाच त्या तोंडाची. प्रत्येक बाकावर मांड्यांच्या वर एक आडवा गज यायचा. गजाचं एक टोक बिजागरीत, दुसरं टोक खोबणीत, आणि खोबणीतून आरपार एक खीळ. करंगळीएवढी जाड, बोटभर लांब. बाकं दहा म्हणून खिळा दहा. लोकांना वाटायचं, जहाज इंजिनावर चालतं. जहाज खरं तर त्या दहा खिळांवर चालतं. दुसरी गोष्ट पोत्यांची फेरी. नव्या गावात जहाज उभं राहिलं की माणसं चढवण्याआधी वाळूची पोती चढवायची, बाकाला दोन. जहाज पूर्ण उंचीला न्यायचं, खाली आणायचं आणि प्रत्येक गज हाताने हलवून बघायचा. पोतं बोलत नाही, पण चूक दाखवतं. हा नियम मीच घातला होता आणि शेठ कुरकुरले तरी मी तो सोडत नसे.

जहाजाच्या नाकावर मी निळ्या रंगाने लाटा काढल्या होत्या आणि डोक्याला पांढरी टोपी घालायचो. लोक मला कप्तान म्हणायला लागले. खानदेशाबाहेर कधी न गेलेला कप्तान! पण खोटं कशाला बोलू, ते ऐकायला फार गोड वाटायचं. फिटरला कोण विचारतो? कप्तानाला चहा यायचा, खुर्ची यायची, आणि कप्तानाचा शब्द लोक खरा मानायचे. पुढे जे झालं ते या शेवटच्या गोष्टीमुळेच झालं.

रावेरला केळीचा एक बागायतदार आला. पांढरेशुभ्र कपडे, मागे केळी कापणारी त्याची बारा-पंधरा माणसं. "पूर्ण जहाज आमचं," म्हणाला. कामगार बसले आणि हसत-खिदळत झुलले. दिवसभर घड खांद्यावर घेऊन ट्रकवर चढणारी माणसं ती, त्यांना काय भ्यायचंय! मालक मात्र तिसऱ्या झोक्याला पांढरा पडला. "मले उतरव रे भो! मले नाही पाह्याचा समुद्र!" म्हणून ओरडायला लागला. मी टायर लावलं, जहाज थांबलं, तर त्याची माणसं म्हणतात, "कप्तान, त्याहीले उतरवा, आम्ही बसतो." मालक खाली उतरून केळीच्याच पानावर डोकं टेकून बसला. जाताना मला हळूच म्हणाला, "हे रावेरात कोणाले सांगू नको." मी सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच लिहितोय, नाव सोडून.

चोपड्याला एक म्हातारी रोज दुपारी यायची. डोळे मिटून टोकाच्या बाकावर बसायची, ओरडायची नाही, गज घट्ट धरायचीही नाही. चौथ्या दिवशी मी विचारलं, "आजी, देवाचं नाव घेता का?" ती म्हणाली, "नही रे भाऊ. मन्हा पोऱ्या बोटवर शे. मोठी बोट, परदेशमा जास. तठे तो सैपाक करस." मग जरा थांबून म्हणाली, "रातले तो जठे झोपस, तठे असंच हालस का रे?"

मला काय माहीत? मी सरळ सांगायला हवं होतं की आजी, मी बोट पाहिलेलीच नाही. पण डोक्यावर टोपी होती. मी म्हणालो, "नाही आजी, खरी बोट फार सावकाश हलते. पाळण्यातल्या मुलासारखं झोपतो माणूस." तिने कानशिलावर बोटं मोडून माझी दृष्ट काढली आणि दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली. तिला झोप लागायला लागली असणार. या खोट्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण आपण बोललो की लोक विश्वास ठेवतात, याची चटक मला त्या चोपड्यात लागली.

आता त्या गावाकडे येतो. भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठी. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं ओळखतीलच. तिथे चैत्रात मातेची यात्रा भरते आणि यात्रेत बारागाड्या ओढतात. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बारा बैलगाड्या बैलांशिवाय एकामागे एक बांधायच्या, त्यांवर गावची माणसं चढायची आणि मातेचा भगत ती सगळी माळ देवळापर्यंत ओढत न्यायचा. भंडारा उधळतात, ढोल वाजतात, आणि गाड्या खरोखर हलतात. कोणती गाडी कितवी, हे घराण्यांवर ठरलेलं. पहिल्या गाडीचा मान म्हणजे गावात ताठ मानेने चालण्याचा परवाना.

त्या गावची एक रीत होती. यात्रेच्या दिवशी बारागाड्या ओढून होईपर्यंत मैदानात दुसरं कुठलंही चाक फिरायचं नाही. आकाशपाळणा नाही, लाकडी घोडे नाहीत, रसवंतीचा चरकसुद्धा नाही. आधी मातेचं चाक, मग माणसाचं. आम्ही पाळणेवाले ती रीत पाळायचो, कारण गाड्या सूर्य कलल्यावर ओढायचे आणि तोवर आम्हाला तेलपाणी करायला दिवस मिळायचा.

त्या दुपारी मी दहाही खिळा काढून घमेल्यात रॉकेलमध्ये टाकल्या होत्या. धुऊन, पुसून, वंगण लावून परत बसवत गेलो. नऊ बसल्या. दहावी वाकलेली निघाली, खोबणीत जाईना. ती लोहाराकडे नेऊन सरळ करायची म्हणून बाजूला ठेवली आणि गज लोंबकळून आपटू नये म्हणून त्या खोबणीत तारेचा तुकडा घालून पीळ दिला. बाक अगदी टोकाचं, पुढचं. हे सगळं मला माहीत होतं. माझ्याच हाताने केलं होतं. वाळूची पोती अजून भरलेलीही नव्हती.

तेवढ्यात दोन बायका आल्या. आई आणि लेक. आई चाळिशीची, कपाळ मोकळं. लेक विशीतली, हिरव्या बांगड्या, नवं लुगडं, पायात पैंजण. आईचं नाव अनुसयाबाई, सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं. पहिल्या गाडीचा मान त्यांच्याच घरचा होता. नवरा वारल्यावरही अक्कांनी गाडी दरवर्षी रंगवून, सजवून रांगेत उभी केली होती, मान सोडला नव्हता. लेक पुष्पा, धुळ्याकडे दिलेली, महिनाभर माहेरी आलेली. सासरची माणसं न्यायला येऊन घरी बसली होती आणि चारच्या एसटीने ती निघणार होती. म्हणजे बारागाड्याही चुकणार आणि जहाजही.

"कप्तान भाऊ," अक्का म्हणाल्या, "एक फेरी मार ना. पोर महिनाभरथून जहाज जहाज करी राह्यनी. आते सासरले जाई, मंग कोन जहाज दाखाडी तिले?"

मी म्हणालो, "अक्का, गाड्या ओढल्याशिवाय चाक फिरवायचं नाही. तुमच्याच गावची रीत."

पुष्पा हिरमुसली. पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागली. आणि मला काय सुचलं, माझी टोपीच बोलली बहुतेक. मी म्हणालो, "पण जहाजाला चाक कुठे असतं? चाक असतं गाडीला!"

दोघी खळखळून हसल्या. अक्कांनी इकडेतिकडे पाहिलं. गाव तिकडे गाड्या बांधण्यात गुंतलं होतं, मैदानात कुत्रंसुद्धा नव्हतं. अक्का म्हणाल्या, "दोनच झोका दे भाऊ. कोनले कळनार नही."

दोघी मधल्या बाकाकडे निघाल्या होत्या. मधल्या बाकाची खीळ पक्की होती. तिथे बसल्या असत्या तर हा लेख गमतीजमतींचा झाला असता. मीच म्हणालो, "मध्ये कसली मजा? जहाज बघायचं तर टोकावरून! पोटात गोळा आला नाही तर कप्तान नाव लावणार नाही." मी स्वतः त्यांना टोकाला बसवलं, गज खाली केला आणि तारेकडे बघितलंसुद्धा नाही. बिजागरीच्या बाजूला अक्का, तारेच्या बाजूला पुष्पा.

मी इंजिन चालू केलं. अक्का म्हणाल्या होत्या दोनच झोके. दोन झाले, पुष्पा हसत होती. मी तिसरा दिला. चौथा दिला. पाचव्याला जहाज चांगलंच वर गेलं. तिथे क्षणभर माणूस बाकावरून उचलला जातो, सगळा भार गजावर येतो. त्या क्षणी मला तार आठवली. मी दांडा ओढला, पण दांडा ओढून वर गेलेलं जहाज थांबत नाही, ते खालीच यावं लागतं. गज उघडला. अक्कांनी लेकीचा पदर धरला, पदर हातात राहिला. पुष्पा जहाजाखालच्या चौथऱ्याच्या लोखंडी कडेवर आपटली.

ती मेली नाही, हे आधीच सांगतो. मांडीचं हाड मोडलं होतं, खुब्यापाशी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवत घालून तिला जळगावला नेलं. सासरची माणसं तिच्याबरोबर गेली नाहीत, चारच्या एसटीने परत गेली. ती पडल्या पडल्याच, गाव जमायच्या आत, मी जहाजावर चढलो आणि तुटलेल्या तारेचे दोन्ही तुकडे काढून खिशात घातले. हे मी घाबरून केलं असं स्वतःला फार वर्षं सांगत आलो. घाबरलेल्या माणसाचे हात कापतात. माझे कापत नव्हते.

लेकीबरोबर जाऊ न देता अक्कांना गावाने थांबवून घेतलं, कारण आधी मातेचा निकाल लागायला हवा होता. देवळासमोर पंच बसले. भगताला सगळे आबा म्हणायचे. वयस्क, शांत माणूस, दिवसभराचा उपास. त्यांनी मला समोर बोलावलं. आवाज चढवला नाही.

"कप्तान, खरं सांग. मशीन धड व्हती का?"

तारेचे तुकडे माझ्या खिशात टोचत होते. शंभर-दोनशे माणसं माझ्याकडे बघत होती. एका बाजूला अक्का लेकीचा पदर अजून हातात धरून उभ्या. एवढंच म्हणायचं होतं की आबा, मशीन धड नव्हती. चार शब्द. लोकांनी मारलं असतं, जहाज फोडलं असतं, पोलिसात दिलं असतं. सगळं रास्तच झालं असतं.

मी म्हणालो, "आबा, मशीन नवीकोरी आहे. गाड्यांच्या आधी चाक फिरलं, तेवढंच चुकलं."

आबांनी कारण विचारलं, "मंग काबर फिरावं?"

आणि मी बोट दाखवलं. खरंच बोट दाखवलं, हा हात आजही मला माझा वाटत नाही. "अक्कांनी फार गळ घातली. मी नाहीच म्हणत होतो."

यातला शब्दन्‌शब्द खरा होता. अक्कांनी गळ घातलीच होती, मी नाही म्हटलंच होतं. खोटं बोलायला मला एकही खोटं वाक्य लागलं नाही, मशीनचं सोडून. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांनाही ते पटलं होतं! माझं ऐकून त्या बाईला मनापासून वाटलं की आपल्याच हट्टामुळे माता कोपली.

निकाल तिथेच लागला. ज्या घरामुळे मातेच्या आधी चाक फिरलं, त्या घरची गाडी रांगेत नको. अक्कांची सजवलेली गाडी सोडवून बाजूला केली, दुसऱ्या एका घरची गाडी आणून पहिली लावली आणि बारागाड्या ओढल्या. अक्कांच्या सासूबाई तिथेच सुनेला वाटेल ते बोलल्या. मला शिक्षा म्हणाल तर मातेला नारळ फोडायचा आणि चूक कबूल करायची. कबूल कसली चूक, तर चाक आधी फिरवल्याची! मी नारळ फोडला. पोलिसात कोणी गेलं नाही. मातेच्या रागाची फिर्याद कुठे लिहून घेतात?

त्यानंतर जहाजापुढे कधी नव्हे एवढी रांग लागली. मातेने दाखवायचं त्यांना दाखवलं, आता भ्यायचं काम नाही, असं लोक म्हणत होते. मी लोहाराकडून दहावी खीळ सरळ करून आणली, वाळूची पोती भरली, फेरी मारली, प्रत्येक गज हलवून पाहिला आणि माणसं चढवली. शेठना धुळ्यात कळलं तेव्हा त्यांनी पाठ थोपटली. "तू होतास म्हणून जहाज वाचलं," म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या थापेने कळलं.

पुढची नऊ वर्षं मी त्या गावाला गेलो नाही. शेठनी नाव काढलं की माझं पोट दुखायचं, दुसऱ्या कोणाला तरी पाठवायचो. बातम्या मात्र कानावर यायच्या. पुष्पाचा पाय आखूड झाला. सासरकडून न्यायला कोणी आलं नाही. लंगडी म्हणून नाही, तेही एक वेळ चाललं असतं म्हणे. मातेचा कोप झालेली सून घरात नको, म्हणून नाही आले. म्हणजे पाय मोडला माझ्या तारेने आणि संसार मोडला माझ्या जिभेने. मी टोपी घालणं बंद केलं. खिळा दिवसातून चार-चार वेळा तपासायला लागलो. बरोबरची माणसं मला वेडा म्हणायची. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय!

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा विजेवरचे नवे झोपाळे आले आणि शेठनी जहाज भंगारात काढलं. गॅसच्या बत्तीने त्याचे तुकडे करताना मी उभा होतो. दहावी खीळ मी काढून घेतली. तारेचे तुकडे घरी तंबाखूच्या डबीत होतेच. त्या चैत्रात, बारागाड्यांच्या दिवशी, मी एसटीत बसलो.

अक्का दारातच भेटल्या. नऊ वर्षांत वीस वर्षांनी म्हाताऱ्या झालेल्या. पायात चप्पल नव्हती. नंतर कळलं की त्या दिवसापासून त्यांनी ती घातलीच नव्हती. त्यांनी मला ओळखलं आणि म्हणाल्या, "कप्तान भाऊ, ये. बस." पाण्याचा तांब्या दिला. त्या "ये, बस"ने मला जास्त मारलं. गोठ्यात ती पहिली गाडी उभी होती, चाकांवर धूळ.

मी डबी उघडली, तार दाखवली, खीळ दाखवली आणि सगळं सांगितलं. एवढंच म्हणालो की अक्का, माता कोपली नव्हती, खीळ नव्हती. तुमचा काही दोष नाही.

मला वाटलं होतं त्या शिव्या देतील, नाहीतर रडतील. त्यांनी तारेचा तुकडा बोटात धरून उलटसुलट पाहिला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू असा काही झाला की मला कळेना. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. माझ्या मागे बघत होत्या. दारात पुष्पा उभी होती. दूध संकलन केंद्रावर माप घालायचं काम करायची, तिथून परत आली होती. एक हात चौकटीला.

"पुष्पा," अक्का म्हणाल्या, "तार व्हती वं."

"हां," पुष्पा म्हणाली. "मी तुले दवाखानामाच सांगेल व्हतं."

अक्कांनी तार परत डबीत ठेवली.

पुष्पा मला म्हणाली, अगदी साध्या आवाजात, "मी बठ्ठासले सांगं. तार मन्हा हातजोडे व्हती, मी देखेल व्हती. पन कोनी ऐकं नही. म्हनेत, कप्तान कसाले खोटं बोली? मायबी तेच म्हने. म्हने, सोताना दोष झाकाले लोकना नाव लेवू नको."

म्हणजे हाताशीच असलेली ती तार तिने पाहिली होती आणि सगळ्यांना सांगितलंही होतं. नऊ वर्षं त्या घरात खरं माहीत असलेलं एक माणूस होतं, आणि माझ्या टोपीमुळे तिच्या आईनेच तिला खोटी ठरवली होती. मी माझ्या मनावरचं ओझं उतरवायला गेलो होतो. ते उतरलं आणि सरळ अक्कांच्या डोक्यावर जाऊन बसलं. तोवर त्या फक्त मातेच्या गुन्हेगार होत्या, मी त्यांना लेकीच्याही गुन्हेगार करून ठेवलं.

मी माफी मागायला हात जोडले. पुष्पा म्हणाली, "माले नको सांगू. तठे सांग." आणि तिने मैदानाकडे मान केली. तिकडे ढोल सुरू झाले होते.

मी गेलो. बारा गाड्या रांगेत बांधलेल्या होत्या. जुने आबा वारले होते, त्यांचा मुलगा भगत झाला होता. मी पंचांसमोर उभा राहून मोठ्याने सगळं सांगितलं आणि तार वर धरली. मला वाटलं आता दगड येतील. यायला हवे होते.

भगताने तार हातात घेतली, कपाळाला लावली आणि परत दिली. म्हणाला, "भाऊ, तार तुटनी नही. तार मातानी तोडी. चाक आधी फिरनं, हाई तर खरंच शे ना?"

लोकांनी माना डोलावल्या. कोणी तरी माझ्या पाठीवरून हात फिरवला, बिचारा इतकी वर्षं मनात कुढत राहिला म्हणून! एवढ्या वर्षांत माझं ते एक वाक्य गावचं झालं होतं, आता ते परत मागायला मी कोण? एक माणूस म्हणाला, "चाला, उशीर व्हई राह्यना," आणि ढोल पुन्हा वाजायला लागले.

तेवढ्यात मागून आवाज आला, "थांबा."

अक्का आल्या होत्या, अनवाणी, पुष्पाच्या खांद्यावर हात ठेवून. नऊ वर्षांत त्या मैदानात पाऊल टाकलं नव्हतं, असं मागाहून कोणी तरी सांगितलं. त्या पंचांकडे गेल्या नाहीत, भगताकडे बघितलं नाही. पहिल्या गाडीसमोर उभ्या राहिल्या आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तार व्हती. मन्ही पोरनी देखेल व्हती. पोर खरं बोलनी, माय खोटी पडनी. हाई ऐका, मंग गाड्या ओढा."

मग गाड्या ओढल्या. अक्कांची गाडी रांगेत घेतली नाही, पुढच्या वर्षीही घेतली नसेल. पण गाड्या जाईपर्यंत दोघी तिथून हलल्या नाहीत. भंडारा उडाला तो त्यांच्याही अंगावर पडला, आणि अक्का पुष्पाच्या केसांतला भंडारा बोटांनी काढत राहिल्या, लहान पोरीच्या डोक्यातलं गवत काढावं तसा.

मी निघालो तेव्हा पुष्पाने मला थांबवलं. "ती तार माले दे," म्हणाली. मी दिली. खीळ पुढे केली, ती तिने घेतली नाही. "ती तुन्हीच शे," म्हणाली, "तूच ठेव."

ती अजून माझ्याकडे आहे. नात शाळेतून आली की तिच्या हातावर ठेवणार आहे. ती विचारेल ही काय आहे म्हणून, आणि मग मला परवाच्या प्रश्नापासून सुरुवात करावी लागेल.